धूरनलिकेतील वायुप्रवाहाचे मोजमाप : बर्नरचा आकडा जुळला म्हणजे प्रवाह बरोबर ठरतो का?

निष्कासमापक (धागाकर्ता)

अग्निचाचणीचा अहवाल हाती आला की सर्वांची नजर उष्णता उत्सर्जन दराच्या आलेखाकडे जाते. शिखर किती किलोवॉटचे आले आणि किती वेळात आले, यावरून साहित्याचा वर्ग ठरतो आणि ते इमारतीत कोठे वापरता येईल हेही ठरते. मात्र हा आलेख कोणत्याही उपकरणावर थेट वाचलेला नसतो. जळणाऱ्या वस्तूवरचा हूड सगळा धूर ओढून घेतो, तो धूर नलिकेतून जाताना त्यातील ऑक्सिजन किती घटला ते मोजले जाते, आणि त्या घटीला नलिकेतून वाहणाऱ्या वायूच्या प्रवाहाने गुणून उष्णतेचा हिशेब मांडला जातो. सेंद्रिय वायू व द्रव जळताना वापरलेल्या ऑक्सिजनच्या प्रमाणात जवळपास सारखीच उष्णता देतात, हे थॉर्नटन यांनी १९१७ मध्ये दाखवले. आगीत नेहमी सापडणाऱ्या पदार्थांसाठी हगेट यांनी १९८० मध्ये तो आकडा प्रत्येक किलोग्रॅम ऑक्सिजनमागे सुमारे १३.१ मेगाज्यूल असा मांडला; बहुतेक पदार्थ त्याच्या ५ टक्क्यांच्या आत राहतात.

या गुणाकारातील ऑक्सिजनच्या बाजूची काळजी सगळेच घेतात. चांगला विश्लेषक आणला जातो, नमुन्याचा वायू गाळून, थंड करून, कोरडा करून त्याच्यापर्यंत पोहोचवला जातो. प्रवाहाच्या बाजूला मात्र अनेक ठिकाणी नलिकेत वेग मोजण्याचा एक प्रोब, तापमान मोजणारे एक थर्मोकपल आणि एक दाबमापक बसवून विषय मिटवला जातो. प्रवाहातली चूक उष्णतेच्या आकड्यात जशीच्या तशी उतरते, हे लक्षात घेतले तर ही विषमता मला अजिबात पटत नाही. ईएन १३८२३ या युरोपीय मानकाच्या चाचणीत फिग्रा निर्देशांक (आग किती वेगाने वाढते याचे माप) सेकंदाला १२० वॉटपर्यंत असेल तर साहित्याला बी वर्ग मिळू शकतो. खरे मूल्य ११५ असताना प्रवाह ५ टक्के जास्त मोजला गेला, तर अहवालात १२०.७५ येते आणि तेच साहित्य सी वर्गात जाऊन बसते.

यावर नेहमी मिळणारे उत्तर असे असते की किती उष्णता देतो ते आधीच माहीत असलेला प्रोपेनचा बर्नर लावून तपासणी केली आहे, आकडा जुळला आहे, तेव्हा प्रवाहही बरोबरच असणार. माझा आक्षेप नेमका याच उत्तरावर आहे. बर्नरची तपासणी प्रवाह, ऑक्सिजनची घट आणि ऊर्जा-स्थिरांक (वर आलेला १३.१ सारखा आकडा) या तिघांच्या गुणाकाराची असते. प्रवाह ८ टक्के जास्त आणि ऑक्सिजनची घट ७ टक्के कमी वाचली जात असेल, तर गुणाकार जवळपास अचूक येतो आणि दोन्ही चुका जागच्या जागी राहतात. प्रवाह स्वतंत्रपणे तपासला गेला पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. तो कसा तपासावा, यावर येथील अनुभवी सदस्यांनी लिहावे, अशी विनंती.

शून्यबिंदू

महत्त्वाचा विषय मांडल्याबद्दल आभार. मी दाबमापकाच्या बाजूने सुरुवात करतो, कारण माझ्या मते सर्वांत जास्त चूक तेथे शिरते आणि सर्वांत सोपा उपायही तेथेच आहे.

द्विदिशी प्रोब वापरताना वस्तुमान-प्रवाहाचे सूत्र साधारण असे असते :

प्रवाह = २६.६ × नलिकेचे क्षेत्रफळ × (वेगवितरण-गुणक ÷ प्रोब-स्थिरांक) × √(दाबफरक ÷ तापमान)

येथे दाबफरक पास्कलमध्ये, तापमान केल्विनमध्ये आणि प्रवाह सेकंदाला किलोग्रॅममध्ये आहे. सगळी अडचण त्या वर्गमुळात आहे. आयएसओ ९७०५ च्या खोली-चाचणीतील ४०० मिलिमीटर व्यासाची नलिका घेऊ. वेगवितरण-गुणक ०.८२, प्रोब-स्थिरांक १.०८ आणि वायूचे तापमान ३०० केल्विन धरले, तर सेकंदाला ०.५ किलोग्रॅम प्रवाहासाठी दाबफरक १२ पास्कलच्या आसपास येतो, २ किलोग्रॅमसाठी १८७ पास्कल आणि ४ किलोग्रॅमसाठी ७४७ पास्कल. प्रवाह आठपट झाला की दाबफरक चौसष्टपट होतो.

आता ० ते १००० पास्कल पल्ल्याचा आणि पूर्ण पल्ल्याच्या ०.५ टक्के अचूकतेचा दाबमापक घ्या. कागदावर तो उत्तम दिसतो. पण ०.५ टक्के म्हणजे ५ पास्कल, आणि मोजायचे आहेत १२ पास्कल. दाबफरकातील ही चूक ४० टक्क्यांच्या वर जाते आणि वर्गमूळ घेतल्यावरही प्रवाहात सुमारे २० टक्के उरते. तेच उपकरण १८७ पास्कलवर प्रवाहात जेमतेम १.३ टक्के चूक देते. म्हणून विस्तृत पल्ल्यात काम करणाऱ्यांनी दोन दाबमापक समांतर लावावेत, एक ० ते १०० पास्कलचा आणि दुसरा मोठ्या पल्ल्याचा, आणि प्रवाहानुसार योग्य त्याचे वाचन घ्यावे.

शून्य सरकण्याचा मुद्दा याहून त्रासदायक आहे. हे दाबमापक तापमानाने सरकतात, आणि काही तर बसवण्याची दिशा थोडी बदलली तरी सरकतात. पंखा बंद करून शून्य तपासणे पुरेसे नसते, कारण नलिकेत नैसर्गिक ओढ राहिली तर पंखा बंद असतानाही थोडा प्रवाह असतो. दोन्ही नळ्या एकमेकींना जोडणारी झडप बसवावी आणि प्रत्येक चाचणीच्या आधी व नंतर ती उघडून खरे शून्य नोंदवावे. आधीच्या आणि नंतरच्या शून्यात फरक आढळला, तर तो फरक त्या चाचणीच्या अनिश्चिततेत धरावा.

नवशिका

मी या क्षेत्रात नवीन आहे, त्यामुळे प्रश्न प्राथमिक वाटल्यास क्षमस्व. हवेचा वेग मोजण्यासाठी तापलेल्या तारेचा वेगमापक मिळतो, दाबावरून वेग काढणारी पिटो नळी मिळते, नलिकेत आडवी बसवायची, मधोमध छिद्र असलेली छिद्रपट्टीही मिळते. मग अग्निचाचणीत हा वेगळाच द्विदिशी प्रोब का वापरतात? आणि १.०८ हा आकडा कोठून आला?

काजळीवाला

प्रश्न योग्य आहे, क्षमा मागण्याचे कारण नाही. उत्तर एका शब्दात सांगायचे तर काजळी. तापलेल्या तारेवर काजळी बसली की तिचे उष्णतावहन बदलते आणि वाचन निरर्थक होते. शिवाय वायूचे तापमान क्षणाक्षणाला बदलत असते. साध्या पिटो नळीची छिद्रे इतकी बारीक असतात की काजळीने आणि पाण्याच्या थेंबांनी ती लवकर बुजतात.

मॅकॅफ्री आणि हेस्केस्टाड यांनी १९७६ मध्ये मांडलेला द्विदिशी प्रोब म्हणजे एक आखूड नळकांडे, ज्याची लांबी व्यासाच्या दुप्पट असते आणि मधोमध एक आडवी भिंत असते. भिंतीच्या दोन्ही बाजूंच्या पोकळ्यांतून एकेक बारीक नळी दाबमापकाकडे जाते. तोंडे रुंद असल्याने काजळी सहसा अडकत नाही आणि प्रवाह उलटला तरी वाचन मिळते, जे आगीच्या खोलीच्या दारात फार उपयोगी पडते. मागच्या बाजूला निर्माण होणाऱ्या ओढीमुळे हा प्रोब पिटो नळीपेक्षा थोडा जास्त दाबफरक दाखवतो. त्यामुळे काढलेला वेग १.०८ ने भागावा लागतो.

हा आकडा डोळे झाकून वापरू नये, असे मात्र मला आवर्जून सांगायचे आहे. मूळ अभ्यासातला पल्ला रेनॉल्ड्स संख्येच्या (वेग, आकार आणि वायूची चिकटता यांवरून प्रवाहाचे स्वरूप सांगणाऱ्या अंकाच्या) सुमारे ४० ते ३८०० एवढा होता. १६ मिलिमीटर व्यासाचा प्रोब सेकंदाला २० मीटर वेगात ठेवला, तर ही संख्या १० हजारांच्या पलीकडे जाते. तेथेही स्थिरांक १.०८ च्या जवळ राहतो असे मानून काम चालते, पण प्रोब कार्यशाळेत तयार करून घेतलेला असेल, भिंत थोडी तिरकी असेल किंवा कडा बोथट असतील, तर तो स्वतःच्या वायुबोगद्यात एकदा तपासून घेणे हाच सरळ मार्ग आहे.

छिद्रपट्टी शंकू-उष्णतामापकात (लहान नमुन्यांच्या चाचणीच्या उपकरणात) वापरली जाते, कारण तेथे प्रवाह सेकंदाला केवळ २४ लिटर आहे आणि पंख्याला तिचा अडथळा पेलतो. मोठ्या नलिकेत तेवढा दाब गमावणे परवडत नाही. छिद्रपट्टी वापरणाऱ्यांनीही तिच्या कडेवर बसणारी काजळी नियमाने पुसावी; धारदार कड गोल झाली की तिचा गुणक बदलतो.

नलिकाविचार

दाबमापक आणि प्रोब या दोघांवर चांगली माहिती आली आहे. मी सूत्रातील त्या घटकाविषयी लिहितो ज्याकडे सर्वांत कमी पाहिले जाते : वेगवितरण-गुणक.

प्रोब नलिकेच्या मध्यावर असतो. त्यामुळे तो मध्यरेषेवरचा वेग दाखवतो आणि आपल्याला हवा असतो संपूर्ण छेदाचा सरासरी वेग. या दोहोंचे गुणोत्तर म्हणजे हा गुणक. पूर्ण विकसित खळबळीच्या प्रवाहात, वेग भिंतीपासूनच्या अंतराच्या सातव्या मुळाप्रमाणे बदलतो असे धरले, तर तो सुमारे ०.८२ येतो. संथ थरांच्या प्रवाहात तो ०.५ असतो. अग्निचाचणीची नलिका यांतल्या कोणत्याही आदर्श स्थितीत नसते. हूडनंतर मिसळणी-पट्ट्या येतात, मग वळण येते, मग जेमतेम काही व्यासांची सरळ लांबी मिळते आणि तेथे आपण प्रोब बसवतो. वळणानंतर वेगाचे शिखर बाहेरच्या बाजूला सरकलेले असते. अशा जागी पाठ्यपुस्तकातला गुणक घालणे म्हणजे अंदाजाला मोजमापाचे रूप देणे होय.

गुणक मोजूनच काढावा लागतो. आयएसओ ३९६६ मध्ये पिटो नळी छेदातून फिरवून सरासरी वेग काढण्याची पद्धत दिली आहे. ती दोन परस्पर लंब व्यासांवर तरी करावी, आणि मोजमापाचे बिंदू समान अंतरावर न घेता त्या पद्धतीत ठरवून दिलेल्या अंतरांवर घ्यावेत, कारण भिंतीजवळच्या कड्यात क्षेत्रफळ जास्त असते आणि वेगही तेथेच झपाट्याने घसरतो. दोन व्यासांवरील आलेख एकमेकांशी जुळत नसतील, तर गुणक काढण्यात वेळ घालवू नये. आधी नलिका सुधारावी.

दुसरा मुद्दा भोवऱ्याचा. द्विदिशी प्रोबची ख्याती अशी आहे की प्रवाह ५० अंशांपर्यंत तिरका आला तरी त्याचे वाचन सुमारे १० टक्क्यांच्या आत राहते. दारातल्या प्रवाहासाठी हा गुण आहे, पण नलिकेत तोच दोष ठरतो. वायू २० अंशांनी पिळत जात असेल, तर नलिकेच्या दिशेने जाणारा वेग एकूण वेगाच्या ९४ टक्केच असतो; प्रोब मात्र जवळपास पूर्ण वेग दाखवतो आणि प्रवाह ६ टक्क्यांपर्यंत जास्त मोजला जातो. मध्यरेषेवर पीळ कमी आणि कडेला जास्त असतो, त्यामुळे ही चूक आडव्या फेरीतच (प्रोब छेदभर फिरवून मोजतानाच) जास्त शिरते. यावर उपाय म्हणजे प्रोबच्या आधी प्रवाह सरळ करणाऱ्या पट्ट्या. मधमाशीच्या पोळ्यासारख्या बारीक जाळीपेक्षा मला रुंद पट्ट्या पसंत आहेत, कारण जाळी काजळीने हळूहळू भरते आणि काल काढलेला गुणक आज लागू राहत नाही.

आणि हो, फेरी एकाच पंखागतीवर करून थांबू नये. कमी, मध्यम आणि जास्त अशा तिन्ही गतींवर ती करावी. गुणक तिन्ही ठिकाणी सारखा आला तर निश्चिंत व्हावे. न आल्यास गतीनुसार गुणक वापरावा.

मानकनिष्ठ

सर्व प्रतिसाद वाचले. माझे मत थोडे वेगळे आहे आणि ते मांडणे आवश्यक वाटते.

मानकांनी बर्नरची तपासणी विचारपूर्वक ठेवली आहे. आयएसओ ९७०५ मध्ये १०० आणि ३०० किलोवॉट अशा दोन पातळ्या आहेत, ईएन १३८२३ मध्ये ३० किलोवॉटची पातळी नेहमी वापरली जाते, शंकू-उष्णतामापकात मिथेनचा ५ किलोवॉटचा बर्नर आहे. उष्णतेचा आकडा हेच अंतिम उत्पादन असेल आणि तोच थेट ज्ञात ज्योतीशी जुळवला असेल, तर मधल्या घटकांचे विभाजन कशासाठी? शंकू-उष्णतामापकात तर छिद्रपट्टीचा गुणक बर्नरवरूनच काढतात. प्रवाह स्वतंत्रपणे मोजण्याची अपेक्षाच नसते. प्रयोगशाळेचा वेळ मर्यादित असतो. तो नमुने नीट तयार करण्यात गेला तर निकाल जास्त सुधारतील, असे मला वाटते.

निष्कासमापक (धागाकर्ता)

मानकनिष्ठ यांचा मुद्दा गंभीर आहे आणि त्याला तितकेच गंभीर उत्तर द्यायला हवे. एकाच पातळीवर, एकाच प्रवाहावर आणि केवळ उष्णतेसाठी चाचणी करणाऱ्या प्रयोगशाळेत त्यांचे म्हणणे बऱ्याच अंशी लागू पडते. माझा मतभेद पुढील कारणांसाठी आहे.

चुका सर्व पातळ्यांवर सारख्या राहत नाहीत. शून्यबिंदू यांनी दाखवल्याप्रमाणे दाबमापकाची चूक कमी प्रवाहावर प्रचंड वाढते, तर विश्लेषकाची चूक कमी घटीवर वाढते. ईएन १३८२३ मध्ये ३० किलोवॉटच्या ज्योतीने ऑक्सिजन किती घटतो ते पाहा. प्रत्येक घनमीटर ऑक्सिजनमागे प्रोपेनसाठी १६.८ मेगाज्यूल धरले आणि प्रवाह सेकंदाला ०.६ घनमीटर असला, तर घट जेमतेम ०.३ टक्के येते. २०.९५ वरून सुमारे २०.६५. विश्लेषक ०.०१ टक्क्याने सरकला तरी उष्णतेत ३ टक्क्यांहून अधिक फरक पडतो. म्हणजे ३० किलोवॉटवर जुळवलेला गुणक खरे तर त्या दिवशीच्या विश्लेषकाच्या सरकण्यालाच प्रवाहाचा गुणक म्हणून नोंदवत असतो. मग नमुना १५० किलोवॉटवर गेला की विश्लेषकाची चूक नगण्य होते आणि गुणकात कोंबलेली दुरुस्ती उघडी पडते.

त्याहून मोठे कारण धुराचे आहे. धुराचे उत्पादन काढताना प्रकाश-क्षीणन गुणांकाला (धूर प्रकाश किती अडवतो याच्या मापाला) नलिकेतील प्रत्यक्ष घनफळ-प्रवाहाने गुणतात. कार्बन मोनॉक्साइडचे उत्पादन काढतानाही प्रवाहच लागतो. या दोन्ही ठिकाणी ऑक्सिजन विश्लेषकाचा काहीही संबंध नाही. प्रवाहातली ८ टक्के चूक ऑक्सिजनच्या उलट चुकीने उष्णतेत झाकली गेली असली, तरी धुराच्या आकड्यात ती पूर्णपणे उमटते. एस१ या सर्वांत कमी धुराच्या वर्गासाठी पहिल्या ६०० सेकंदांतील एकूण धूर ५० चौरस मीटरपर्यंत असावा लागतो. प्रोपेनची ज्योत जवळपास धूररहित असल्याने बर्नरच्या तपासणीत हा दोष दिसण्याची शक्यताच नसते. धुरात गुदमरून माणसे दगावतात. ज्या आकड्यावरून धुराचा वर्ग ठरतो तो आकडा कधीच तपासला न जाणे मला स्वीकारता येत नाही.

ऊर्जा-स्थिरांकाचाही येथे उल्लेख करावा लागेल. बर्नरच्या हिशेबात प्रोपेनसाठी १३.१ हा सर्वसाधारण आकडा वापरला, तर २ टक्क्यांच्या आसपास फरक पडतो, कारण प्रोपेनचा स्वतःचा आकडा १२.९ मेगाज्यूलच्या किंचित खाली आहे. मिथेनचा तर १२.५ च्या जवळ आहे. हा फरकही निमूटपणे प्रवाहाच्या गुणकात जाऊन बसतो.

कर्बगणक

धागाकर्त्यांच्या शेवटच्या प्रतिसादाशी मी पूर्ण सहमत आहे, आणि त्यांच्या मूळ प्रश्नाला माझ्याकडे एक असे उत्तर आहे ज्यासाठी नवीन उपकरण विकत घ्यावे लागत नाही.

प्रोपेनचा एक रेणू पूर्ण जळताना ऑक्सिजनचे पाच रेणू घेतो आणि कार्बन डायऑक्साइडचे तीन रेणू देतो. म्हणून ऑक्सिजनची घट आणि कार्बन डायऑक्साइडची वाढ यांचे गुणोत्तर ५ : ३ असलेच पाहिजे, अर्थात कोरड्या वायूच्या मोजमापात एकूण रेणूसंख्या बदलते तिचा हिशेब करून. या गुणोत्तरात प्रवाह येतच नाही. ते जुळले तर दोन्ही विश्लेषक ठीक आहेत असे मानायला सबळ आधार मिळतो, कारण दोन वेगळ्या तत्त्वांवर चालणारी उपकरणे एकाच प्रमाणात एकाच दिशेने चुकणे दुर्मीळ आहे.

यानंतरची पायरी अधिक उपयोगाची आहे. बर्नरकडे जाणारे प्रोपेन आपण मोजलेलेच असते. ३०० किलोवॉटसाठी, प्रति किलोग्रॅम ४६.४ मेगाज्यूल या हिशेबाने, सेकंदाला सुमारे ६.५ ग्रॅम प्रोपेन लागते. त्यातून सेकंदाला ०.४४ मोल कार्बन डायऑक्साइड तयार होतो. नलिकेत त्याची पार्श्वभूमीपेक्षा वाढ ०.६४ टक्के दिसली, तर एकूण प्रवाह सेकंदाला ६९ मोल, म्हणजे साधारण २ किलोग्रॅम, निघतो. येथे नलिकेचे क्षेत्रफळ, तापमान, दाबफरक, वेगवितरण-गुणक यांपैकी काहीही वापरलेले नाही. बर्नर स्वतःच मागोवा देणाऱ्या वायूचा स्रोत झाला. प्रोबवरून आलेला प्रवाह आणि कार्बनवरून आलेला प्रवाह शेजारी ठेवा. गुणोत्तर जुळत असताना हे दोन जुळत नसतील, तर दोष नलिकेतल्या मोजमापात आहे किंवा प्रोपेनच्या मापकात आहे. प्रोपेनचा मापक वजनकाट्यावर सिलिंडर ठेवून सहज तपासता येतो, त्यामुळे तिढा तेथेच सुटतो.

एकच दक्षता घ्यावी. पार्श्वभूमीचा कार्बन डायऑक्साइड प्रयोगशाळेच्या खोलीतून येतो आणि दार बंद असताना तो वाढत जातो. तो चाचणीच्या सुरुवातीला एकदाच न मोजता शेवटी पुन्हा मोजावा.

मागोवा

कर्बगणक यांनी सांगितलेली पद्धत उत्तम आहे. तिला जोड म्हणून थंड अवस्थेतील ट्रेसर वायूची चाचणी सुचवतो, कारण ज्योत नसताना प्रवाह मोजता आला तर तापमानाचा प्रश्न वेगळा काढता येतो.

हूडच्या तोंडाशी किंवा नलिकेच्या सुरुवातीला ठरावीक प्रमाणात ट्रेसर वायू सोडायचा आणि दूर खाली, तो पूर्ण मिसळल्यावर, त्याची संहती मोजायची. सोडलेले प्रमाण भागिले संहती म्हणजे प्रवाह. सल्फर हेक्झाफ्लोराइड हा यासाठी जुना आणि फार संवेदनशील वायू आहे, परंतु हरितगृह परिणामाच्या दृष्टीने तो कार्बन डायऑक्साइडच्या २० हजारपटींहून अधिक घातक असल्याने त्याचा वापर टाळावा, असे माझे स्पष्ट मत आहे. शिवाय ज्योतीच्या तापमानात तो विघटित होतो, म्हणून आग चालू असताना वापरायचा झाल्यास आगीच्या पुढेच सोडावा लागतो. थंड चाचणीसाठी कार्बन डायऑक्साइड पुरेसा आहे. सेकंदाला १ किलोग्रॅम हवेत सेकंदाला १ लिटर सोडला तर जवळपास १२०० पीपीएमची वाढ मिळते, जी चाचणीसाठी असलेल्याच विश्लेषकावर नीट वाचता येते, मात्र त्याचा पल्ला त्यासाठी लहान निवडावा.

वायू नीट मिसळला आहे की नाही, यावर या पद्धतीचे सारे यश अवलंबून आहे. छेदात निदान चार-पाच जागी नमुने घेऊन संहती सारखी आहे हे दाखवल्याशिवाय निष्कर्ष काढू नये. एका जागी सोडण्यापेक्षा अनेक तोंडांच्या नळीतून सोडल्यास मिसळण लवकर होते.

मोठ्या आगींच्या प्रयोगशाळांत हा प्रश्न आणखी कठीण होतो. अमेरिकेतील एनआयएसटी संस्थेच्या गेथर्सबर्ग येथील राष्ट्रीय अग्नी संशोधन प्रयोगशाळेची क्षमता २० मेगावॉटपर्यंत आहे. तेवढ्या मोठ्या नलिकेत एका बिंदूवरचा वेग संपूर्ण छेदाचे प्रतिनिधित्व करेल अशी अपेक्षा ठेवणेच कठीण असते, म्हणून तेथे छेदभर पसरलेले सरासरी काढणारे पिटो प्रोब आणि ट्रेसर वायूची पडताळणी यांवर काम झाले आहे. लहान प्रयोगशाळांनाही व्यासभर अनेक छिद्रे असलेला प्रोब लावता येतो, फक्त छिद्रांत काजळी साचू नये म्हणून चाचण्यांच्या मधल्या वेळात उलट दिशेने कोरडी हवा फुंकावी लागते.

शून्यबिंदू

फुंकण्याचा विषय निघाला म्हणून सांगतो. हवा फुंकताना दाबमापकाकडील झडपा बंद असल्याची खात्री करावी. १०० पास्कलच्या मापकावर फुंकणीचा दाब आला तर तो कायमचा निकामी होतो. तसेच नळ्या दाबमापकापासून प्रोबकडे उतरत्या ठेवाव्यात, म्हणजे साचलेले पाणी नलिकेत परत जाईल. दोन नळ्यांपैकी एकीत मिलिमीटरभर पाण्याचा स्तंभ अडकला तरी तो जवळपास १० पास्कलचा असतो.

उंचीवरचा

सूत्रातील २६.६ या अंकाबद्दल कोणी काही बोलले नाही, म्हणून लिहितो. तो अंक वायूची घनता ३५३ भागिले तापमान असते या गृहीतकातून आला आहे, आणि ते गृहीतक समुद्रसपाटीच्या वायुदाबाचे आहे. प्रयोगशाळा समुद्रसपाटीपासून १००० मीटर उंच असेल, तर वायुदाब सुमारे ९० किलोपास्कल असतो. घनता ११ टक्क्यांनी घटते आणि वर्गमुळामुळे वस्तुमान-प्रवाहात जवळपास ६ टक्के चूक येते, तीही नेहमी जास्तीच्या दिशेने. वायुदाब मोजून सूत्रात घालणे अगदी सोपे आहे. त्यामानाने वायूच्या बदललेल्या रचनेमुळे पडणारा फरक किरकोळ असतो, कारण नलिकेतला वायू बहुतांशी हवाच असते.

तापमानाची बाब मात्र किरकोळ नाही. गरम वायूतले थर्मोकपल थंड भिंतीकडे उष्णता उत्सर्जित करत राहते आणि खऱ्यापेक्षा कमी वाचते. ५०० केल्विनला ते १० अंशांनी कमी वाचले, तर वस्तुमान-प्रवाह १ टक्का जास्त येतो. त्याच वेळी प्रत्यक्ष घनफळ-प्रवाह १ टक्का कमी येतो, कारण तो तापमानाच्या वर्गमुळाच्या थेट प्रमाणात असतो. म्हणजे एकाच थर्मोकपलच्या दोषाने उष्णता वाढलेली आणि धूर घटलेला दिसतो. ईएन १३८२३ मध्ये तीन थर्मोकपल ठेवले आहेत. त्यांची सरासरी घेण्यापूर्वी त्यांच्यातला फरक पाहण्याची सवय लावावी. फरक मोठा असेल, तर नलिकेत वायू मिसळलेला नाही.

मानकनिष्ठ

धुराचा मुद्दा मी विचारात घेतला नव्हता आणि तो मला पटला. कार्बनची पद्धत तर आहे त्याच बर्नर-तपासणीतून मिळते, तेव्हा वेळेचा आक्षेपही उरत नाही. एक व्यावहारिक प्रश्न आहे. शंकू-उष्णतामापकाचा गुणक रोज काढला जातो आणि तो आदल्या दिवसापेक्षा ५ टक्क्यांहून अधिक बदलला तर यंत्रणेत बिघाड आहे असे समजतात. ही पद्धत तशीच ठेवून वरील तपासण्या तिच्यात कशा बसवाव्यात?

निष्कासमापक (धागाकर्ता)

रोजचा गुणक काढत राहावे, फक्त त्याच्या शेजारी आणखी दोन स्तंभ ठेवावेत : ऑक्सिजन-कार्बन गुणोत्तर आणि कार्बनवरून काढलेला प्रवाह. ५ टक्क्यांची मर्यादा ही अचानक झालेल्या बिघाडासाठी आहे. रोज अर्धा टक्का एकाच दिशेने जाणारा गुणक ती मर्यादा कधीच ओलांडत नाही आणि तरीही महिन्याभरात चाचणीचा पाया हलवतो. म्हणून तुलना आदल्या दिवसाशी न करता, फेरी मारून काढलेल्या मूळ गुणकाशी करावी.

गुणक सरकला आणि ५ : ३ चे (मिथेनच्या बर्नरसाठी २ : १ चे) गुणोत्तरही बिघडले, तर विश्लेषकाकडे, नमुन्याच्या गाळणीकडे आणि पाणी शोषणाऱ्या भांड्याकडे पाहावे. गुणक सरकला पण गुणोत्तर जागेवर आहे आणि कार्बनवरचा प्रवाह प्रोबच्या किंवा छिद्रपट्टीच्या प्रवाहापासून दूर गेला आहे, असे असेल तर नळ्यांची गळती, छिद्रपट्टीची कड, दाबमापकाचे शून्य आणि वायूचा मापक या क्रमाने तपासावे. तिन्ही स्तंभ स्थिर असताना केवळ धुराचे आकडे बदलले, तर प्रवाहाला दोष न देता प्रकाशमापकाच्या काचा पुसाव्यात.

नवशिका

सर्वांचे मनःपूर्वक आभार. शेवटची एक शंका : आग झपाट्याने वाढत असताना प्रवाह आणि ऑक्सिजन यांची वाचने एकाच क्षणाची असतात का?

काजळीवाला

नसतात. दाबफरक जवळपास लगेच उमटतो, पण ऑक्सिजनचा नमुना नळीतून, गाळणीतून आणि शीतकातून विश्लेषकापर्यंत पोहोचायला कित्येक सेकंद लागतात. बर्नर अचानक पेटवून किंवा विझवून हा विलंब मोजावा, आणि हिशेबापूर्वी ऑक्सिजनची मालिका तेवढी मागे सरकवावी. तसे न केल्यास वाढत्या आगीत आताचा प्रवाह मघाच्या ऑक्सिजनशी गुणला जातो. थर्मोकपलचा विलंब वेगळा असतो, आणि काजळीच्या थराने तो वाढतो. म्हणून नलिका साफ करताना थर्मोकपलचे टोकही साफ करावे आणि त्यानंतर विलंब पुन्हा मोजावा.